आग्नेल आल्मेडाचा बिल्ला

अणुभट्टीच्या इमारतीतून बाहेर पडताना छातीवरचा बिल्ला काढायचा आणि फाटकाजवळच्या फळीवर आपल्या नंबराच्या खिळ्याला अडकवायचा, हा नियम संस्थेत रुजू झालेल्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगत. नियम सोपा होता. आग्नेल आल्मेडाने तो चार वर्षे बिनचूक पाळला. त्रेसष्ट सालच्या डिसेंबरात तो एकदाच चुकला, आणि त्याला कारण झाला चिरेखोलचा रवळनाथ.

चिरेखोल हे आग्नेलचे गाव. मालवण तालुक्यात, मसुऱ्याहून तरीत बसून खाडी ओलांडली की लागते. तिथे दर तीन-चार वर्षांनी देवाला कौल लावतात. गुरव रवळनाथाच्या पाषाणाला फुलाच्या पाकळ्या चिकटवतो, गावकरी हात जोडून उभे राहतात, आणि उजवीकडची पाकळी आधी पडली तर देव हो म्हणाला. देव हो म्हणाला की अख्खा गाव गुराढोरांसह, कोंबड्याकुत्र्यांसह वेशीबाहेर जाऊन झोपड्या घालून राहतो. याला गावपळण म्हणतात. चुली विझवतात, दारांना कड्या घालतात, आणि तीन रात्री गावात माणूस म्हणून उरत नाही. परत यायलाही देवाचा कौल लागतो. आल्मेडांचे घर ख्रिस्ती. पण गावपळणीत धर्म कुणी विचारत नाही. फादर त्या दिवसांत मालवणला काही तरी काम काढून जात, त्यामुळे त्यांना यातले काही ठाऊक असण्याची वेळ येत नसे.

आग्नेलचा मामा लुईस याची तार आली, "देव हो म्हणाला. ये." रात्रपाळीवरून उतरताना ती आग्नेलच्या हातात पडली. घरी मांय एकटी, तिच्या दोन म्हशी, आणि मालवणची बोट थोड्याच वेळात सुटणार. रजेचा अर्ज साहेबांच्या टेबलावर ठेवून तो तसाच भाऊच्या धक्क्यावर धावला. बोट रेवदंड्याच्या पुढे गेल्यावर ऊन चढले, त्याने स्वेटर काढला, तर खाली सदऱ्याला बिल्ला.

बिल्ला म्हणजे दिसायला काही विशेष नव्हे. एक कोंदण, मागे टाचणी, आणि कोंदणात काळ्या कागदात गुंडाळलेला फोटोच्या फिल्मचा तुकडा. भट्टीजवळ काम करणाऱ्याच्या अंगावर जेवढे किरण पडतात तेवढे त्या फिल्मवरही पडतात. महिनाअखेर ती धुवून किती काळी झाली ते पाहिले की माणसाला किती मात्रा मिळाली ते कळते. कोंदणात तांब्याच्या आणि शिशाच्या चकत्या असतात. त्यांच्या सावल्या फिल्मवर पडतात आणि किरण कोणत्या जातीचे ते त्यावरून ओळखता येते. तेव्हा फिल्मला ऊन, ओल आणि उष्णता यांपासून जपायचे, एवढे आग्नेलला ठाऊक होते. घरी पोचल्यावर त्याने बिल्ला मांयच्या हातात दिला आणि तसे बजावले.

मांयचे नाव एस्पेरांसा. तिच्या लेखी जगातल्या वस्तू दोन प्रकारच्या होत्या. एक, हात लागला तरी चालेल अशा. दुसऱ्या, हात लागता नये अशा. दुसऱ्या प्रकारच्या वस्तू घरात फार नव्हत्या. त्या बिस्किटांच्या एका पत्र्याच्या डब्यात असत, आणि त्या म्हणजे गॅसबत्तीच्या कोऱ्या जाळ्या. गोव्यात पोर्तुगीज होते तेव्हा लुईसने पणजीहून आणलेल्या, जर्मनीच्या, तलम. गावपळणीत बत्ती बैलगाडीतून हलवावी लागते, जळलेली जाळी धक्क्याने राख होऊन पडते, म्हणून मांयने पुढच्या दोनतीन गावपळणींची बेगमी करून ठेवली होती.

बिल्ला कुठे ठेवायचा याचा तिला विचार करावा लागला नाही. अडचण एकच होती. कोंदणाच्या टाचणीने जाळीचा धागा उसवला असता. म्हणून तिने हात धुतले, कोंदणातून फिल्मचे पाकीट अलगद काढले, दोन जाळ्यांच्या मधे घातले, वर आणखी जाळ्या दाबून बसवल्या आणि झाकण लावले. कोंदण खुंटीला टांगले. गावपळण झाली, नाताळ झाला. आग्नेल मुंबईला निघाला त्या सकाळी तिने पाकीट पुन्हा कोंदणात बसवून बिल्ला त्याच्या हातात ठेवला. त्याने तो गुपचूप फळीवर आपल्या खिळ्याला अडकवला आणि कुणाला काही सांगितले नाही.

आता या जाळ्यांबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. उजेड पांढरा पडावा म्हणून त्या थोरियमच्या क्षारात बुडवून काढलेल्या असतात. थोरियम किरणोत्सर्गी आहे. प्रमाण इतके थोडे, की बत्तीखाली बसणाऱ्या माणसाला त्याचे काही होत नाही. पण फिल्म पंधरवडाभर त्याला चिकटून राहिली, तर तिला होते.

संस्थेत सगळ्यांच्या फिल्मा वाचण्याचे काम आनंदी सबनीस यांच्याकडे होते. त्यांना सगळे सबनीसबाई म्हणत. त्या पुण्याच्या, वयाने तिशीच्या आतबाहेर, आणि विचारल्याशिवाय बोलत नसत. त्यांनी आजवर काळ्या फिल्मा पाहिल्या होत्या, डागाळलेल्या पाहिल्या होत्या, एक चहा सांडलेली पाहिली होती. आग्नेलच्या फिल्मवर चकत्यांच्या सावल्या मुळीच नव्हत्या, म्हणजे ती कोंदणाबाहेर काढलेली होती. आणि तिच्यावर या कडेपासून त्या कडेपर्यंत जाळी उमटली होती. विणलेली, बारीक, कापडासारखी.

चौकशी समिती बसली. भट्टीच्या तळघरात एक कोठी होती, तिथे वापरून झालेले किरणोत्सर्गी नमुने ठेवत. तिच्या दाराला तारेची जाळी होती. समितीने दोन आणि दोन चार केले. आल्मेडाने फिल्म कोंदणातून काढली आणि कोठीच्या दाराशी नेली. कशासाठी, ते समितीने सांगितले नाही. ते सांगणे आल्मेडाचे काम होते.

"डिसेंबरात बिल्ला कुठे होता?" अध्यक्षांनी विचारले.

"गावी. घरी."

"म्हणजे नियम मोडलात."

"हो साहेब."

"घरी कुठे?"

"आईकडे दिला होता. तिने कुठे ठेवला ते मी पाहिलं नाही."

"तुम्ही घरातच होता ना?"

"नव्हतो. आम्ही वेशीबाहेर होतो. सगळा गाव बाहेर होता."

"का? साथ होती?"

"नाही. देवाने सांगितलं होतं."

अध्यक्षांनी चष्मा काढून पुसला. "रजा एक दिवस वाढवलीत. कारण?"

"परत यायचा कौल पहिल्या दिवशी मिळाला नाही."

समितीतले दुसरे सभासद संस्थेची आपत्कालीन योजना लिहीत होते. मागच्या कवायतीत भोंगा वाजल्यावर उपाहारगृहातली मंडळी भजी संपवून मग बाहेर पडली होती. त्यांनी मान वर केली.

"अख्खा गाव? म्हातारेकोतारे, आजारी?"

"सगळे."

"कुणीच मागे राहत नाही?"

"नाही साहेब."

"भोंगा वगैरे असतो?"

"ढोल असतो."

त्यांनी ते लिहून घेतले.

आग्नेलची मार्चमध्ये परीक्षा होती. ती पास झाली की नियंत्रण कक्षात त्याला स्वतःची खुर्ची मिळायची. आजवर तो दुसऱ्याच्या खुर्चीमागे उभा राहून शिकत होता. समितीने ठरवले की चौकशी पुरी होईपर्यंत त्याने भट्टीच्या इमारतीत पाऊल टाकायचे नाही. बिल्ला खरेच घरी होता आणि घरातच काळा झाला, हे सिद्ध झाले तर ताकीद देऊन सोडायचे. नाही तर 'बिल्ल्याशी छेडछाड' असा शेरा मारून कायमचे बाहेर. तोवर त्याची नेमणूक भांडारात झाली. तिथे तो रबरी हातमोज्यांचे उजवे आणि डावे वेगळे करी.

सबनीसबाईंनी मात्र एक दुपार तळघरात घालवली. वर येऊन त्यांनी अध्यक्षांना सांगितले, "कोठीच्या दाराची जाळी मोठ्या भोकांची आहे. फिल्मवरची तशी नाही. मला गाव बघावं लागेल."

मालवणच्या बोटीत त्यांनी सोबत निघालेल्या आग्नेलला एकच प्रश्न विचारला. "घरी गॅसबत्ती आहे?"

आग्नेल कठड्याला टेकून उभा होता. त्याने स्वतःच्या कपाळावर हात मारून घेतला. थोरियमवर त्याने परीक्षेसाठी पानेच्या पाने पाठ केली होती.

"जाळ्यांचा डबा," तो म्हणाला. "मांय सगळं नाजूक सामान त्यातच ठेवते. तिने सांगितलं की झालं."

"बघू," सबनीसबाई म्हणाल्या.

तरीतून उतरेपर्यंत मुंबईची बाई यंत्र घेऊन येते आहे ही बातमी त्यांच्या आधी गावात पोचली होती. मांय ओटीवर उभी होती. आग्नेलने तिला तिथल्या तिथे सगळे सांगितले. फिल्मवर जाळी आली आहे, डबा दाखव, बिल्ला त्यात ठेवला होतास एवढे बाईंना सांग, नाही तर मला त्या कामावरून काढतील.

"काढतले?" मांयने विचारले. "म्हणजे घराक धाडतले?"

"धाडतले."

मांय सबनीसबाईंकडे वळली आणि म्हणाली, "आपण बसावे. आपल्याला प्रवासाचा फार त्रास झाला असेल. आमच्या घरी तशी वस्तू नाही. जाळ्या संपल्या."

मांय पुस्तकी मराठी बोलू लागली की दोनच शक्यता असत. एक तर तलाठी आलेला असे, नाही तर ती खोटे बोलत असे.

"आणि बिल्ला कुठे ठेवला होता?" बाईंनी विचारले.

"आठवत नाही. आता माझे वय झाले."

मांय माडावर चढायला आलेल्या भंडाऱ्याला एक नारळ कमी उतरवला म्हणून परत वर चढवणारी बाई होती. पण हे आग्नेलला पाहुणीसमोर बोलता येईना. सबनीसबाईंनी ट्रंकेतून काउंटर काढला. हातात धरायची नळी आणि खोक्यातून येणारी टिकटिक. त्या घरातून हळूहळू फिरल्या. देव्हाऱ्यातल्या सायबिणीपाशी, म्हणजे मेरीमातेच्या मूर्तीपाशी, टिक. टिक. सुक्या मासळीच्या मडक्यांपाशी टिक. टिक. मांय तोवर माजघरात भाताच्या कणगीला पाठ लावून बसली होती. नळी तिकडे वळली तशी टिकटिक थोडी घाईने होऊ लागली. बाई थांबल्या. मांय त्यांच्याकडे पाहत राहिली आणि म्हणाली, "आपण चहा घेणार ना?"

"घेईन," सबनीसबाई म्हणाल्या आणि त्यांनी काउंटर बंद केला.

आग्नेल त्यांच्यामागून अंगणात गेला. "बाई, कणगीमागे आहे. मी काढून आणतो."

"नको. तुम्ही काढलात तर तुम्हीच ठेवलात म्हणतील. मी काढला तर घरात जाळ्या होत्या, एवढंच सिद्ध होईल. फिल्म त्यात होती हे एकाच माणसाला ठाऊक आहे. त्यांनी सांगायला हवं."

"आणि नाही सांगितलं तर?"

"तर मी तसं लिहीन."

त्या लिहितील याबद्दल आग्नेलला शंका नव्हती.

दिवस मावळला. मांयने सुंगटांची कढी केली होती, भात केला होता, आणि पाटाशेजारी कंदील आणून ठेवला होता. ओटीवर पाचसहा बाया येऊन बसल्या होत्या. त्यांत सगळ्यांत पुढे शेजारची हौसाबाय. मुंबईची बाई बघायला म्हणून ती आली होती आणि बघून झाले तरी उठत नव्हती.

"गो एस्पेरांस," तिने ओटीवरूनच हाक घातली, "मुंबैच्या बाईंका कंदिलार जेवयतंस? बत्ती खंय गेली?"

"जाळे संपले," आतून मांय म्हणाली.

"संपले? दोन डझन? गावपळणीत तूच सांगी होतंस मां, आता मरासर जाळ्यांका बघूक नको म्हणान?"

"तुका कित्याक होयी पंचायत? तुझ्या घरात चिमणी तरी पेटता?"

"माझ्याकडे खंय मुंबैसून बाई येतत," हौसाबाय म्हणाली आणि बाकीच्या बायांकडे पाहून घेतले.

आग्नेल स्वयंपाकघरात गेला. मांय चुलीसमोर बसली होती. आता ती आपल्या भाषेत आली होती, म्हणजे बोलण्यात काही अर्थ होता.

"मांय, डबो काढ."

"भिकाजी सरांनी जूनपासून जागा धरून ठेयली हा," ती निखाऱ्यांकडे पाहत म्हणाली. भिकाजी सर म्हणजे मसुऱ्याच्या शाळेचे हेडमास्तर. "सायन्साक मास्तर नाय. पोरां बेंडकाचा चित्र काढतत नि तेकाच सायन्स म्हणतत. मी तेंका सांगलंय, माझो झील येतलो."

"माका इचारल्याशिवाय?"

"तुका इचारून देव तरी खंय कौल देता?" तिने फुंकणी उचलली, पुन्हा ठेवली. "चार वर्सां झाली. थंय तू करतंस तरी काय, ता एकदा सांग."

"बसान असतंय. एक काटो आसा, तेच्यार नजर ठेवतंय."

"तो हलता?"

"हलाक नको, म्हणान बसाचा."

मांयने यावर नीट विचार केला. "म्हणजे कायएक होव नये म्हणान सरकार तुका पगार देता."

"होय."

"ता तर तू हंय बसान पण करशीत."

आग्नेलला हसू आले आणि त्याच वेळी रडूही यायला झाले. तो तिच्याजवळ उकिडवा बसला. "मांय, आयक. माका काढल्यानी तर कागदार येतला, आल्मेडान सरकारी बिल्लो उसकटलो. असल्या माणसाक भिकाजी सर शाळेत घेतीत?"

"भिकाजी सरांका कोण सांगतलो?"

आग्नेलने ओटीच्या दिशेने बोट दाखवले. तिथून हौसाबायचा आवाज येत होता. ती कुणाला तरी कणगीपाशी यंत्र कसे बोलले ते सांगत होती.

कढी उतू जायला आली तरी मांयने हात लावला नाही; आग्नेलनेच ती खाली उतरवली. मग ती उठली, माजघरात गेली, कणगीमागून डबा काढला आणि तो त्याच्यासमोर ठेवला.

"बत्ती लाव," ती म्हणाली. "बाई काळोखात जेवतत."

बत्ती लागली. जाळी आधी काळी पडली, मग आक्रसली, मग तिने उजेड धरला आणि ओटीवरच्या सगळ्या बायांनी डोळे मिटून उघडले. मांय सबनीसबाईंसमोर येऊन उभी राहिली.

"ह्या डब्यात ठेयलंय," ती म्हणाली. "टाचणी जाळ्यांका लागात म्हणान पाकीट भायर काढलंय. दोन जाळ्यांच्या मधी. हात धुवन. आग्नेलाक ठाऊक नव्हता. दुपारी मी खोटा बोललंय."

"बरं," सबनीसबाई म्हणाल्या. त्यांनी काउंटर सुरू केला आणि नळी डब्यावर धरली. खोक्यातून पत्र्यावर वाळू ओतल्यासारखा आवाज आला. ओटीवरच्या दोघी उठून अंगणात गेल्या.

"ह्या काय बोलता?" हौसाबायने जागेवरूनच विचारले.

बाईंनी थोरियमचे सांगितले. अणुभट्टीवाले ज्याचा अभ्यास करतात त्यातलेच हे एक द्रव्य, जाळीत अगदी थोडे असते, त्याने अपाय होत नाही.

"म्हणजे इतकी वर्सां आमी अणूच्या उजेडात भजनां केली?"

"थोडक्यात, हो."

हौसाबायने मान डोलावली. "तरीच बुवाचो आवाज तसो लागता," ती म्हणाली.

जेवण झाल्यावर सबनीसबाईंनी ट्रंकेतून फिल्मचे एक नवे पाकीट काढले. समितीला एवढे पुरणार नाही, त्या म्हणाल्या. आईने मुलासाठी सांगितले, असे म्हणतील. तेव्हा तीच गोष्ट पुन्हा करून दाखवायची. तशीच फिल्म, तोच डबा, त्याच जाळ्या, तितकेच दिवस, आणि ठेवणारा हातही तोच. पहिल्या फिल्मसारखीच जाळी उमटली तर कुणाला बोलायला जागा राहणार नाही.

"डब्याला सील करू या," आग्नेल म्हणाला.

"तेव्हा सील नव्हतं."

मांय पाकीट हातात घेऊन उलटसुलट पाहत होती. "नि तुमी गेल्यार मी ह्या भायर काढून ठेयलंय तर?"

"तर फिल्म कोरी येईल."

"नि ह्येचा?" तिने हनुवटीने आग्नेलकडे निर्देश केला.

"ते त्यांनी तुम्हांला सांगितलंय."

"ह्या तुमका कळाचा नाय? मी काढलंय की नाय ता?"

"कोरी आली तर कळेल. का काढलंत, ते फिल्मवर येत नाही."

मांयने हात धुतले, पदराला पुसले, आणि पाकीट दोन जाळ्यांच्या मधे ठेवले.

दुसऱ्या दिवशी आग्नेल आणि सबनीसबाई मुंबईला परतले. आग्नेल हातमोजे वेगळे करू लागला. या कामात डोके लागत नाही, त्यामुळे ते दुसरीकडे जायला मोकळे राहते. तो चुलीसमोर बसलेली मांय आठवी. बोटीवर निरोप द्यायला ती मालवणला आली नव्हती. म्हशीचे निमित्त सांगितले होते. म्हशीला काही झालेले नव्हते, हे त्याने गोठ्यात जाऊन पाहिले होते. एकदा त्याला वाटले, लुईसमामाला तार करून डबा बघायला सांगावे. तार लिहून तो रांगेत उभाही राहिला. मग सबनीसबाई काय म्हणतील ते मनात येऊन रांगेतून बाहेर पडला. डबा दुसऱ्या कुणी उघडला तर प्रयोग तोच राहिला नसता.

मुदत भरल्यावर लुईस स्वतः पाकीट घेऊन आला. फाटकावरच्या शिपायाने मागितले तरी त्याने ते दिले नाही. बाईंच्या हातातच देईन म्हणून तो झाडाखाली बसून राहिला. गावची खबर विचारली तेव्हा म्हणाला, खुरसाकडे लदीन होती, म्हणजे क्रुसापुढची सामुदायिक प्रार्थना, तेव्हाही मांयने बत्ती काढली नाही. हौसाबायच्या नातवाच्या बारशाला तिने एक जाळी मागितली, मांयने नाही म्हटले. हौसाबायने बोलणे टाकले आहे.

"मांय काय म्हणता?" आग्नेलने विचारले.

"म्हणता, बरा झाला."

"डब्याचा काय म्हणता?"

"डब्याचा माका इचारूक देणा नाय," लुईस म्हणाला.

फिल्म धुवायच्या खोलीत आग्नेलला जाता येत नव्हते. तो बाहेर बाकावर बसला. सबनीसबाई ओली फिल्म चिमट्यात धरून बाहेर आल्या आणि त्यांनी ती खिडकीसमोर धरली.

जाळी होती. या कडेपासून त्या कडेपर्यंत, पहिल्यापेक्षा स्पष्ट. पाकीट एकदाही हललेले नव्हते.

"इथे बघा," सबनीसबाई म्हणाल्या.

फिल्मच्या मधोमध एक लंबगोल होता. तिथला काळेपणा निम्म्यावर आला होता आणि त्यातून फक्त मागल्या बाजूची जाळी पुसट दिसत होती. लंबगोलाच्या टोकाला एक लहानशी कडी होती.

"मधे धातू होता. चपटा, बहुधा पितळी. तुम्ही ठेवलात?"

आग्नेलने नकारार्थी मान हलवली. तो त्या कडीकडे पाहत होता. "सांत आंतोनचं पदक आहे. मांयच्या गळ्यात असतं. ती ते काढत नाही. टायफॉइडमध्येसुद्धा काढू दिलं नव्हतं."

"इतके दिवस काढलेलं होतं," सबनीसबाई म्हणाल्या. त्यांनी फिल्म वाळत घातली आणि अहवालात लिहिले, 'मधला फिकट भाग : आल्मेडा यांच्या आईंचे पदक. फिल्म नीट राहावी या हेतूने ठेवलेले. निष्कर्षात फरक नाही.'

समितीने दोन्ही फिल्मा शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या. कोठीचा विषय कुणी पुन्हा काढला नाही. अध्यक्षांनी लंबगोलावर बोट ठेवले.

"याचा परिणाम झाला म्हणायचा का?"

"त्या जागेपुरता. किरण कमी पोचले."

"म्हणजे संरक्षण मिळालं."

"हो. पितळेने."

आग्नेलला लेखी ताकीद मिळाली. त्याच आठवड्यात त्याचा नवा बिल्ला आला, आणि मार्चमध्ये परीक्षा होऊन त्याला नियंत्रण कक्षात खुर्ची मिळाली. पदक उमटलेली फिल्म संस्थेच्या फाइलीत राहायची होती, म्हणून सबनीसबाईंनी त्या फिल्मचा कागदावर एक फोटो काढून त्याला दिला. कशासाठी ते त्या बोलल्या नाहीत. त्याने तो मांयला पाठवला आणि लिहिले, सगळे ठीक झाले, तुझ्यामुळे झाले.

मांयला लिहिता येत नव्हते. उत्तर लुईसच्या अक्षरात आले.

'फोटो मिळाला. हौसाबायला दाखवला. ती आता बोलते. पदक नीट आलेले नाही. संताचे तोंड मुळीच दिसत नाही. बाईंना सांग, पुन्हा काढा, मी पदक परत डब्यात ठेवीन. भिकाजी सरांना वेंगुर्ल्याचा एक मास्तर मिळाला. मीच जाऊन सांगून आले होते, जागा धरू नका म्हणून. तो चांगला शिकवतो असे लोक म्हणतात. मला तसे वाटत नाही.'